खरं सांगा, पण रडून सांगा!

(युवक शिबिरात झालेलं भाषण. बोलण्याची ढब मुद्दाम तशीच ठेवली आहे. – संपादक)



आज मला पुस्तकांच्या बाजारावर बोलायला सांगितलंय. बाजारात सध्या खऱ्या गोष्टीला भाव आहे. इंग्रजीवाले तिला नॅरेटिव्ह नॉनफिक्शन म्हणतात. आपल्याकडचे प्राध्यापक 'कथनात्म ललितेतर गद्य' म्हणतील, आणि त्यांचा शब्द संपेपर्यंत गिऱ्हाईक दुकानातून निघून गेलेलं असेल. साध्या भाषेत सांगायचं तर घडलेली गोष्ट, खरी माणसं, खरी गावं, खऱ्या तारखा. पण सांगायची कादंबरीसारखी. प्रसंग उभा करायचा, माणसं बोलती करायची, वाचणाऱ्याला पान उलटायला लावायचं. इंग्रजी पुस्तकांच्या मोठ्या दुकानात जा. कादंबरीच्या फळीला खांदा लावून ही फळी उभी आहे. झोपडपट्टीची हकिगत, खुनाची हकिगत, तुरुंगाची हकिगत, जातीची हकिगत.

म्हणाल, आपल्याला त्याचं काय? आपण काय दुकानदार आहोत? मी म्हणतो, आपल्याला त्याचं फार आहे. मराठीत हा बाजार ज्या मालावर उभा राहिला तो माल आपल्या आयाबापांच्या हाडामांसाचा आहे. आणि मालाचा भाव, मालाचं नाव, मालाचा नमुना ठरवणारा मात्र दुसराच कुणी आहे. म्हणून बोलायचं.

या महाराष्ट्रात 'सत्यकथा' नावाचं एक मासिक होतं. मोठं मानाचं. त्या नावातल्या सत्यात गावकुसाबाहेरचं सत्य किती होतं ते जुने अंक चाळून बघा. १९६९ साली राजा ढाले आणि लिटल मॅगझिनवाल्या पोरांनी त्याचा अंक जाळला. १९८२ साली ते मासिक बंद पडलं. पण त्याआधीच खरी सत्यकथा दुसरीकडून यायला लागली होती. १९७८ साली ग्रंथालीने दया पवारांचं 'बलुतं' काढलं. १९७९ला प्र. ई. सोनकांबळे यांचं 'आठवणींचे पक्षी', माधव कोंडविलकरांचं 'मुक्काम पोस्ट देवाचे गोठणे'. १९८०ला लक्ष्मण माने यांचं 'उपरा'. त्याला पुढच्याच वर्षी साहित्य अकादमीचा पुरस्कार. १९८४ला शरणकुमार लिंबाळे यांचं 'अक्करमाशी'. १९८७ला लक्ष्मण गायकवाडांचं 'उचल्या'. दहा वर्षांत मराठी गद्याचं बूड हललं. अमेरिकेत टॉम वुल्फने १९७३ साली 'द न्यू जर्नालिझम' नावाचा संग्रह काढून खऱ्या गोष्टी कथेसारख्या सांगण्याचा झेंडा लावला होता. त्याच वर्षी आपला पँथरचा जाहीरनामा निघाला. त्यांचा झेंडा बघून आपल्या कुणी लेखणी उचलली नाही. कथा कशी सांगायची हे आपल्याला आजीने आणि जलशाने शिकवलं होतं.

'बलुतं' नीट वाचा, शंभर वेळा सांगतो. त्यात एक दया पवार आहे, शिकलेला, नोकरी करणारा. आणि एक दगडू मारुती पवार आहे, महारवाड्यातला आणि मुंबईच्या कावाखान्यातला पोर. माणूस एकच. पण एक सांगतो आणि दुसरा ऐकतो. ही नुसती युक्ती नाही. शिकून वर आलेल्या माणसाला स्वतःच्याच मागच्या माणसापुढे बसावं लागतं, त्याच्याकडून साक्ष घ्यावी लागते. आपल्या प्रत्येकाच्या आत हे दोघं बसलेत. कॉलेजात एक जातो, घरी दुसरा येतो.

मग पांढरपेशा वाचकाने काय केलं? रडला. मनापासून रडला, खोटं कशाला बोलू? परीक्षणं आली. त्यात शब्द ठरलेले: अस्सल, दाहक, विदारक, अंतर्मुख करणारं. अंतर्मुख झाले म्हणजे काय झाले? तोंड आत केलं आणि दार लावून घेतलं. वाड्यातलं भाड्याचं घर कुणी उघडलं का? जातीतलं लग्न कुणी मोडलं का? पुढचं पुस्तक मात्र मागितलं. आणखी अस्सल द्या म्हणाले. मग साचा तयार झाला. मेलेल्या ढोराचं मटण, उपाशी आई, शाळेच्या दाराबाहेरची जागा, स्कॉलरशिप, नोकरी, समाप्त. आपल्या वस्तीतही काहीजण चिडले. घरची घाण चव्हाट्यावर का मांडता, आता कुठे आपण धुतलेले कपडे घालतोय, म्हणाले. त्यांचं दुःख मला कळतं, पण त्यांचं म्हणणं मला मान्य नाही. घाण ज्याने टाकली त्याची लाज आपण का वाहायची?

माझं भांडण आत्मकथेशी नाही. ते वाङ्मय आपली मिळकत आहे. भांडण साच्याशी आहे.

बेबीताई कांबळेंचं बघा. फलटणला किराणा दुकान चालवणारी बाई. दुकानात बसून, घरच्यांपासून वह्या लपवून लिहिलं. वीस वर्षं ते बाहेर आलं नाही. नंतर 'स्त्री' मासिकात छापून आलं आणि १९८६ साली पुस्तक झालं. नाव काय? 'जिणं आमुचं'. माझं नाही, आमुचं. त्या पुस्तकात बाई स्वतःबद्दल थोडं बोलते आणि सगळ्या महारवाड्याबद्दल फार बोलते. सण, रोग, अंगात येणं, सासुरवास, बाळंतपण, आणि आपल्याच पुरुषांनी बायकांवर केलेला जुलूमसुद्धा. तिथे ती आपल्यालाही सोडत नाही. आणि मग बाबासाहेबांच्या हाकेने सगळं कसं उलटलं ते. एका बाईच्या करुण कहाणीची चौकट तिला पुरत नव्हती, म्हणून तिने ती मोडली.

आता दुसऱ्या टोकाचं बघा. नरेंद्र जाधवांचं 'आमचा बाप आन् आम्ही' १९९३ला आलं. नावात बाप आहे, आम्ही आहोत, आणि तो 'आन्' आहे, घरचा. तेच पुस्तक २००५ साली अमेरिकेत निघालं तेव्हा मुखपृष्ठावर 'अनटचेबल्स' हा शब्द चढला. खाली काय, तर आधुनिक भारतातल्या जातिव्यवस्थेतून बाहेर पडण्याचा माझ्या कुटुंबाचा विजयी प्रवास! बाहेर पडण्याचा! कोण बाहेर पडला, बाबा? कुठल्या दाराने? मला ते दार दाखवा, मी उद्या वस्ती घेऊन तिथे जातो. लेखकाला मी बोल लावत नाही. दुकानाची पद्धत सांगतो. दुकानाला गोष्ट हवी, गोष्टीला शेवट हवा, शेवट गोड हवा. आणि गोड शेवट एका माणसाचा होऊ शकतो, जातीचा होत नाही.

परवाचीच गोष्ट. आपल्यातली एक मुलगी, चोवीस वर्षांची, दोन वर्षं गटारात गुदमरून मेलेल्या कामगारांच्या घरी जाते आहे. कंत्राटाचे कागद मिळवले, पोलिसांतली फिर्याद मिळवली, कुणाच्या बायकोला किती पैसे मिळाले, कुणाला मिळालेच नाहीत, हे तारीखवार लिहून काढलं. हाताने मैला काढण्याविरुद्धचा कायदा २०१३चा. १९९३पासून गटारात मेलेल्या प्रत्येकामागे १० लाख द्या असं सुप्रीम कोर्टाने २०१४ला सांगितलं, २०२३ला ती रक्कम ३० लाख केली. हे सगळं तिने गोष्टीत गुंफलंय; माणसं जिवंत उभी आहेत. घेऊन गेली एका मोठ्या प्रकाशकाकडे. त्याने चहा पाजला. पानं चाळली. म्हणाला, "तुझे वडील काय करतात? सफाई खात्यात? मग तेच लिही ना. तुझं लहानपण, तुझी आई. हे कंत्राट आणि कलमं कोण वाचणार?"

बघा कसं आहे. ती रडली असती तर पुस्तक झालं असतं. तिने हिशोब मागितला, म्हणून तो रिपोर्ट झाला! खरं सांगा, पण रडून सांगा. स्वतःचं सांगा, दुसऱ्याचं नाव घेऊ नका. मार खाल्ला ते सांगा, मारणाऱ्याचं आडनाव आणि टेंडर नंबर सांगू नका.

हा फरक आपल्यापुरता नाही, जगभर आहे. दोन पुस्तकं सांगतो. पहिलं सगळ्यांना माहीत आहे. ट्रुमन कपोटीचं 'इन कोल्ड ब्लड'. १९५९ला कॅन्ससमधल्या एका खेड्यात शेतकऱ्याच्या घरातली चार माणसं मारली गेली. कपोटीने तिथे तळ ठोकला, खुन्यांशी दोस्ती केली, वर्षानुवर्षं लिहिलं. पण ते दोघं फाशी जाईपर्यंत पुस्तकाला शेवट नव्हता. १९६५ला फाशी झाली आणि त्याच वर्षी ते मासिकात क्रमशः आलं, १९६६ला पुस्तक. तुफान खपलं. लिहिलंय झकास, मी नाकारत नाही. प्रत्येक शब्द खरा, असा त्याचा दावा होता. तरी शेवटचा स्मशानातला प्रसंग त्याने मनाने रचला. गोड शेवट, दुसरं काय.

दुसरं पुस्तक त्याच्या नऊ वर्षं आधीचं. अर्जेंटिनातला रोदोल्फो वॉल्श. हेरकथा लिहिणारा, भाषांतरं करणारा, बुद्धिबळाचा नाद असलेला माणूस. १९५६च्या डिसेंबरात एका कॅफेत त्याच्या कानावर आलं की गोळ्या घालून मारलेला एक माणूस जिवंत आहे. झालं असं होतं. ९ जून १९५६च्या रात्री काही कामगार एका घरात रेडिओवर बॉक्सिंगचा सामना ऐकत बसले होते. त्याच रात्री लष्करी राजवटीविरुद्ध उठाव झाला. पोलिसांनी यांना उचललं आणि पहाटे उकिरड्यावर नेऊन गोळ्या घातल्या. पाच मेले, बाकीचे अंधारात निसटले. वॉल्शने त्यांना एकेक करून शोधून काढलं. आणि मग त्याने काय केलं, लक्ष देऊन ऐका. त्याने सरकारी रेडिओच्या नोंदवहीतली वेळ मिळवली. लष्करी कायदा पुकारला गेला तो १० जूनच्या रात्री १२ वाजून ३२ मिनिटांनी. माणसं उचलली होती त्याआधीच. म्हणजे ज्या कायद्याखाली मारलं तो कायदा पकडताना अस्तित्वातच नव्हता. संपला विषय! तो खूनच होता, सरकारी खून. एका नोंदीने सरकारला उघडं पाडलं.

त्याला छापायला कुणी मिळेना. बारक्या, फाटक्या पत्रकांत छापलं. आपल्यासारख्याच. १९५७ला पुस्तक झालं, 'ऑपरेशन मसॅकर'. शिक्षा कुणालाच झाली नाही. आणि वॉल्श? १९७७च्या मार्चमध्ये लष्करी हुकूमशहांना त्याने खुलं पत्र लिहिलं आणि पोस्टात टाकलं. त्यानंतर लगेच त्याला गाठून गोळ्या घातल्या. प्रेतही घरी आलं नाही.

लेखणीचे हे दोन रस्ते आहेत. आता मला सांगा, बाबासाहेब कुठल्या रस्त्यावर उभे आहेत?

'वेटिंग फॉर अ व्हिसा' कितीजणांनी वाचलंय? हात वर करा. ... बघा! फोटो प्रत्येकाच्या घरी आहे. बाबासाहेबांच्या हातची छोटीशी हकिगत आहे ती. हयातीत छापली गेली नाही, १९९०ला पीपल्स एज्युकेशन सोसायटीने काढली. सरकारने छापलेल्या लेखन-भाषणांच्या बाराव्या खंडातही आहे. १९०१ साल. नऊ वर्षांचा भीम, भाऊ आणि भाचे, नवे कपडे घालून बापाला भेटायला निघालेत. मसूर स्टेशनवर उतरतात. न्यायला कुणी आलेलं नाही. महार म्हटल्याबरोबर स्टेशनमास्तर तोंड फिरवतो. बैलगाडी मिळते ती दुप्पट भाड्याने, आणि गाडी पोरांनीच हाकायची, गाडीवान बाजूने पायी चालणार. रात्रभर पाणी नाही. बरोबर जेवण आहे, पण पाण्यावाचून गिळायचं कसं? पोरगा टोलनाक्यावर मुसलमान आहोत म्हणून उर्दूत पाणी मागतो, तरी मिळत नाही. एक अश्रू नाही त्या मजकुरात. भाडं, स्टेशन, वेळ, अंतर. वाचणाऱ्याचा घसा मात्र कोरडा पडतो.

पुढे बडोद्याची पारशी धर्मशाळा. १९२९चं चाळीसगाव. टांगेवाला महाराला बसवून टांगा हाकायला तयार नाही, म्हणून आपल्याच माणसाने कधी न हाकलेला टांगा हाकला आणि बाबासाहेब मोरीवर दगडांत आपटले. मग १९३४चा दौलताबाद किल्ला, हौदाचं पाणी. या चार हकिगती स्वतःच्या. कुठल्याही प्रकाशकाने सांगितलं असतं, साहेब, अशाच आणखी दहा द्या. बाबासाहेब काय करतात? पाचवी हकिगत दुसऱ्याची घेतात. काठेवाडातला एक अस्पृश्य शिक्षक, त्याची बाळंतीण बायको. १२ डिसेंबर १९२९च्या 'यंग इंडिया'त छापून आलेलं त्याचं पत्र. डॉक्टर वस्तीत शिरत नाही. थर्मामीटर मुसलमानाच्या हाती देतो, मुसलमान नवऱ्याला देतो, नवरा बायकोला, आणि त्याच वाटेने परत. बाई मरते. सहावी हकिगतही दुसऱ्याचीच. भंगी समाजातला एक पोरगा तलाठी म्हणून कामाला लागतो, कचेरीत त्याला बसायला खुर्ची मिळत नाही. ६ मार्च १९३८ला दादरच्या कासारवाडीत इंदुलाल याज्ञिकांच्या अध्यक्षतेखाली सभा झाली, तिथे त्या पोराने ती सांगितली. सभेची तारीख, जागा, अध्यक्ष, सगळं लिहिलेलं.

ही आपली परंपरा. आपल्या गोष्टीशेजारी दुसऱ्याची गोष्ट ठेवायची, आणि दोन्हींना पुरावा जोडायचा. स्वतःची जखम ही फिर्यादीतली एक बाब, पूर्ण फिर्याद नव्हे. या रस्त्याने आपले लोक चाललेतही, फक्त त्यांच्यावर दिवे लागले नाहीत. चांगदेव खैरमोडेंनी बाबासाहेबांच्या चरित्राचा पहिला खंड १९५२ला काढला; बारा खंड आहेत, काही त्यांच्या मृत्यूनंतर निघाले. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून गावोगाव फिरल्या, चळवळीतल्या म्हाताऱ्या बायकांना बोलतं केलं, १९८९ला 'आम्हीही इतिहास घडवला' काढलं. उर्मिलाताईंचं 'आयदान' २००३चं. ते सगळ्यांना माहीत आहे. आधीचं किती जणांना? तिथेही तेच. स्वतःचं सांगितलं ते गाजलं, जमवलेलं कोपऱ्यात राहिलं.

खैरलांजीचं तर विचारूच नका. २९ सप्टेंबर २००६. भोतमांगे कुटुंबातल्या चौघांना मारलं. सुरुवातीला पेपरांनी काय छापलं? अनैतिक संबंध! आनंद तेलतुंबडेंनी इंग्रजीत पुस्तक लिहून तो सगळा गुंता सोडवला, जमीन, जात, पोलीस, पेपर. भंडाऱ्याच्या कोर्टाने २००८ला आठ जणांना दोषी धरलं, सहांना फाशी सांगितली, पण ॲट्रॉसिटी कायदा लावला नाही. २०१०ला हायकोर्टाने फाशी रद्द करून २५ वर्षांची कैद केली. भैयालाल भोतमांगे २०१७ला गेले. आता सांगा, या निकालातला जात गाळण्याचा भाग 'दाहक' शैलीत कसा लिहिणार? तो कोरडाच लिहावा लागतो. कोरडं लिहून वाचायला लावणं, ही खरी कारागिरी.

आणि ते जमतं. कॅथरिन बू ही अमेरिकन बाई सहार विमानतळाशेजारच्या अण्णावाडीत तीन वर्षांहून जास्त जात राहिली. २०१२ला तिचं पुस्तक आलं, अमेरिकेचा नॅशनल बुक अवॉर्ड मिळाला. परकी बाई आपली झोपडपट्टी विकते म्हणून शिव्या द्यायला सोपं आहे. पण शिव्या देण्याआधी बघा तिने काय केलं. तीन हजारांहून जास्त सरकारी कागद मिळवले, त्यातले कितीतरी माहितीच्या अधिकारातून. मेलेल्या कचरावेचक पोराच्या कागदावर क्षयरोग लिहिलाय आणि तो मेला कसा ते वस्तीला ठाऊक आहे, हे तिने दोन्ही बाजू ठेवून दाखवलं. अरे, तो कायदा आपला आहे! २००५चा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लागतो. तीस दिवसांत उत्तर द्यायचं बंधन आहे. अण्णावाडीला जायला आपल्याला विमान लागत नाही. हां, एक गोष्ट. २०२३च्या डेटा संरक्षण कायद्यात माहिती अधिकाराचं 'वैयक्तिक माहिती'चं कलम बदलून ठेवलंय. नाव, पगार, चौकशी, काहीही मागितलं की 'वैयक्तिक' म्हणून फेटाळायची सोय. तेव्हा अर्ज लवकर टाका, आणि पहिलं अपील करायचा कंटाळा करू नका.

लिहिताना दोन पथ्यं. मनाने रचू नका, एक ओळसुद्धा. कपोटीला खपलं, तुम्हाला खपणार नाही. एक खोटा प्रसंग सापडला की समोरचा वकील पूर्ण पुस्तक कचऱ्यात टाकेल. आणि ज्याच्या घरी चहा पिऊन हकिगत घेतली त्याला छापण्याआधी वाचून दाखवा. अत्याचार झालेल्या बाईचं नाव छापणं हा गुन्हा आहे, न्याय संहितेचं कलम ७२. पण त्याहून आधी ती कुणाची तरी पोर आहे.

आता पैशाचं. चळवळीत पैशाचं बोलायला आपण लाजतो आणि मग करारावर अंगठा मारल्यासारखी सही करतो. प्रकाशक छापील कागद पुढे करेल: सर्व हक्क, सर्व भाषा, सिनेमासकट. सही करू नका. १९५७च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १९ वाचा. हक्क लेखी दिल्याशिवाय जात नाहीत. किती वर्षांसाठी ते लिहिलं नसेल तर पाचच वर्षं धरतात. कुठल्या मुलखासाठी ते लिहिलं नसेल तर फक्त भारत. भाषांतराचा हक्क वेगळा ठेवा. परदेशी आवृत्तीचं नाव आणि मुखपृष्ठ लेखकाला विचारून, हे करारात घाला. 'विजयी प्रवास' तिथेच अडवता येतो.

आणि कुणीच छापलं नाही तर? आपण छापू. हा अंक निघतोय ना? सोळा-सोळा पानांचे भाग काढू, दर महिन्याला एक.

त्या मुलीच्या हस्तलिखिताच्या तीन झेरॉक्स प्रती माझ्या पिशवीत आहेत. ज्याला वाचायची त्याने वहीत नाव लिहून न्यावी, पंधरा दिवसांत परत आणावी. तारीख किंवा रक्कम चुकलेली वाटली तर शेजारी खूण करा. पेन्सिलीने. पेनाने नको, मूळ कागद पुढे कोर्टात लागायचे आहेत.

जय भीम.